कुंकू लावलेल्या सात शिंद्या

दरवर्षी सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेत झेंडावंदन होतं आणि मला खुर्चीवर बसवून शाल-नारळ देतात. निवेदन करणारे मास्तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, वाक्य मात्र तेच राहतं, "यांनी शिंदीची झाडं तोडून निजामाचं उत्पन्न बुडवलं." टाळ्या पडतात. मी मान खाली घालतो आणि लोकांना तो माझा विनय वाटतो. विनय कसला, मला लाज वाटते. निजामाच्या उत्पन्नाचं एकही झाड मी तोडलेलं नाही. मी तोडली ती गौराबाईंची झाडं, आणि हे सांगायला लागलो की मास्तर घाईघाईनं माईक काढून घेतात. म्हणून लिहून ठेवतो.

तामलवाडीच्या पुढं ओढ्याकाठी एक वाडी आहे. तिथल्या मांगवाड्यात गौराबाई राहायच्या. त्या काळी आमच्याकडं मांगवाड्यातली बाई आईच्या वयाची असली तरी तिला अगं-तुगं करायची रीत होती. मीही तेच करत आलो होतो. पुढं सोडलं, म्हणून इथं त्यांना अहो-जाहो करतो.

त्या फडे करायच्या, म्हणजे शिंदीच्या पानांच्या केरसुण्या. कोवळी पानं कापायची, वाळवायची, खिळ्यानं चिरून त्यांचे बारीक दोरे करायचे, आणि शिंदीच्याच पानाच्या दोरीनं मूठ आवळायची. फडा कुणीही करेल, पण आसपासच्या वीस गावांतल्या बायका गौराबाईंचाच फडा मागायच्या. कारण साधं होतं. तेव्हा सगळ्यांच्या घरी शेणानं सारवलेली जमीन. राठ फडा फिरवला की सारवणाचे पोपडे निघतात आणि सकाळी केलेली मेहनत दुपारी कचऱ्यात जाते. गौराबाईंचा फडा जमिनीवरून असा जायचा की धूळ तेवढी निघायची आणि सारवण जागच्या जागी राहायचं. आमच्या अणदूरच्या घरीसुद्धा दिवाळीला लक्ष्मी म्हणून पुजायला त्यांचाच फडा यायचा. तो कोण करतं हे मात्र मला बावीस वर्षांचा होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

शिंदी म्हणजे खजुराची रानातली गरीब बहीण. फळ लागतं, पण त्यात बीच जास्त. आमच्या नजरेला सगळ्या शिंद्या सारख्याच, एक खांब आणि वर काटेरी झुबका. गौराबाईंपुढं असं कुणी म्हटलं की त्यांचं टाळकं सरकायचं.

"मालक, तुमच्या दुकानात सगळी डाळ एकच हाय का?" असं त्यांनी मला, किराणा दुकानदाराच्या पोराला, एकदा ऐकवलं होतं.

त्यांच्या ओढ्याला अर्ध्या कोसात ऐंशीएक शिंद्या होत्या आणि त्यांतल्या दोन सारख्या नव्हत्या. पाण्यात पाय असलेल्या सरळ उंच गेलेल्या, त्यांची पानं लांब. वर खडकात उगवलेल्या कंबरेएवढ्याच राहिलेल्या, पान आखूड आणि राखाडी. एका पुरात काठ खचला तेव्हा एक शिंदी आडवी पडली. ती दोन पुरुष लांबीभर जमिनीवर लोळली आणि मग मान वर करून पुन्हा उभी वाढली. एकीला शेंड्याशी दोन डोकी फुटली होती, हे लाखात एखादीलाच होतं. गौराबाई तिला 'जावा-जावा' म्हणायच्या, कारण दोन्ही डोकी एकमेकींकडं पाठ करून होती. नराच्या झाडाला फळ नाही, फाल्गुनात नुसती पांढरी धूळ उडायची. आणि सरकारकडून दारूचा मक्ता घेतलेल्या गुत्तेदाराची झाडं तर लांबूनच ओळखू यायची. शिंदी, म्हणजे झाडाची ताडी, काढायला त्याची माणसं एका वर्षी या अंगाला खाच पाडायची, दुसऱ्या वर्षी त्या अंगाला, त्यामुळं खोड वाकडंतिकडं होत जायचं. त्यावर आबकारीचा आकडा कोरलेला असायचा.

या सगळ्यांतून गौराबाईंनी सात निवडलेल्या. त्या सातांपैकी सहांचं पान चांगलं, आणि एकीचं असं की हातात धरलं तर पान आहे की पदराचा काठ, कळू नये. लांब, पातळ, मऊ. बाकी सहांच्या पानांत हिचं पान मिसळलं की फडा तयार. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूनं, तुळजाबाईनं, त्यांना त्या झाडाखाली नेलं होतं आणि सांगितलं होतं, "ही सांभाळ, मग ही तुला सांभाळंल." म्हणून गौराबाई त्या झाडालाच सासू म्हणायच्या. वर हसून सांगायच्या, की दोघींत हीच बरी, ही बोलत नाही.

खरी सासू गेली. नवरा बलभीम सोलापूरच्या गिरणीत लागला आणि दुसऱ्याच वर्षी पटकीनं गेला. मूलबाळ नव्हतं, रान नव्हतं. होत्या त्या सात शिंद्या.

आता माझी करणी सांगतो.

सत्तेचाळीसचा भादवा. सगळीकडं तिरंगा लागला होता, आमच्याकडं निजाम होता तसाच बसलेला. मी घर सोडून हद्दीपलीकडच्या सोलापूर जिल्ह्यातल्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात दाखल झालो होतो. वडील महालिंगप्पा किराणा दुकानदार, त्यांनी महिनाभर लोकांना सांगितलं की शिवप्पा मामाच्या गावी गेलाय. कॅम्पात हुकूम आला की शिंदीची झाडं तोडा. झाड गेलं की गुत्ता गेला, गुत्ता गेला की निजामाच्या तिजोरीला भोक. आम्हाला हे लई पटलं. कुऱ्हाड चालवायची आणि समोरचा गोळी घालत नाही, असं शौर्य कुणाला नको असतं?

गौराबाईंच्या वाडीत आमचा माणूस होता उत्तरेश्वर, चांगला शेतकरी. ही बातमी कानावर गेल्यावर गौराबाई त्याच्याकडं गेल्या. म्हणाल्या, "गुत्तेदाराची झाडं तोडा, म्या स्वतः कोयता देते. त्या शिंदीपायी मांगवाड्यातली निम्मी घरं बसली. पर माझ्या सात ठिवा. त्यास्नी खाच न्हाय, आकडा न्हाय, त्येंचा निजामाला काय उपेग?"

उत्तरेश्वर म्हणाला, "खूण करून ठिव. त्यास्नी हात लागणार न्हाय."

खूण करायची म्हणजे काय करायचं? गौराबाईंना लिहिता येत नव्हतं. चिंधी बांधली तर वाऱ्यानं जाईल, गाई ओढतील. त्यांनी आपल्या रीतीनं विचार केला. ज्या शिंदीचा फडा लक्ष्मी म्हणून घरोघर पुजला जातो, ती शिंदी लक्ष्मीच. त्यांनी सातही झाडांना पाणी घातलं, खोडाला हळद लावली आणि वर कुंकवाचं मोठं बोट ओढलं. लक्ष्मीवर कोण कुऱ्हाड उचलेल?

नेमक्या आदल्या दिवशी उत्तरेश्वरला निजामाच्या पोलिसांनी उचललं. जाता जाता त्यानं बायकोला एवढंच सांगितलं, "पोरं येतील, खुणा केल्यात म्हणावं." तिनं आम्हाला तेवढंच सांगितलं. खूण ठेवायची की तोडायची, हे त्या चार शब्दांत नव्हतं आणि ते विचारायची अक्कल आमच्यातल्या पाचांपैकी एकालाही झाली नाही.

उजाडता उजाडता आम्ही ओढ्यात उतरलो. मीच पुढं होतो. आणि मला कुंकू दिसलं.

माझ्या लहानपणी आमच्या दारचा लिंब पाडायचा होता, तेव्हा सुतारानं आधी त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, हात जोडून माफी मागितली आणि मग कुऱ्हाड घातली. जित्या झाडावर घाव घालायचा तर आधी त्याची पूजा करायची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी मागच्यांना म्हणालो, "बघा, कुणीतरी आपल्या आधी पूजासुद्धा उरकून ठेवलीय. कुंकवाचीच तोडायची."

एक गोष्ट मी आजवर भाषणात कधी सांगितली नाही. कुंकवाच्या झाडांना खाचा नव्हत्या, हे मला दिसलं होतं. आकडा नव्हता, तेही दिसलं होतं. मनात आलंही, की हे काय? पण पोलीस यायच्या आत काम उरकायचं होतं आणि मी पुढारी झालो होतो. पुढाऱ्यानं थांबून विचार केला तर तो पुढारी कसला. मी पहिला घाव घातला. तो त्या सासूवरच पडला, हे मला नंतर कळलं.

सातवं झाड पडत असताना वाडीकडून एक बाई येताना दिसली. डोक्यावर दुरडी होती. दुरडीत भाकरी आणि ठेचा, आमच्यासाठी. आपली झाडं सोडून गुत्तेदाराची तोडणाऱ्या पोरांना उपाशी कसं ठेवायचं, म्हणून ती पहाटे उठून थापत बसली होती.

दुरडी खाली ठेवून ती उभी राहिली. एकेका बुंध्याकडं पाहत गेली. मग गुत्तेदाराच्या झाडांकडं पाहिलं, ती सगळी जागेवर होती.

"कुंकू दिसलं न्हाय व्हय?" तिनं विचारलं.

"दिसलं की," मी म्हणालो. "दिसलं म्हणूनच तर तोडली."

मला वाटलं, ती हाताची बोटं मोडून शिव्या देईल. तिनं नुसतं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग विचारलं, "तुमच्यात कुंकू कवा लावत्यात झाडाला?"

मी सांगितलं. सांगता सांगता मलाच उमगत गेलं आणि मी कुऱ्हाड खाली ठेवली.

"आमच्यात ठिवायच्या झाडाला लावत्यात," गौराबाई म्हणाल्या. एवढंच. मग दुरडी पुढं सरकवून म्हणाल्या, "भाकरी खावा आन् निघा. पोलीस येतील."

आम्ही भाकरी खाल्ली नाही, हातात घेऊन पळालो. ओढा चढताना मी मागं वळून पाहिलं. गौराबाई पडलेल्या शेंड्याजवळ बसल्या होत्या आणि कोवळी पानं एकेक करून सोडवून मांडीवर रचत होत्या. आईनं पोरीचे केस मोकळे करावेत तसा त्यांचा हात चालला होता.

त्या दिवाळीला गावोगाव गौराबाईंचे फडे भरपूर आले. सात झाडांच्या शेंड्यांचं पान होतं ना. पुढं काय, हे कुणाला सुचलं नाही. मला मात्र झोप येईना. कॅम्पातून संधी साधून मी एकदा वाडीला गेलो आणि मांगवाड्यात त्यांच्या दारात उभा राहिलो. माफी कशी मागायची हे मला येत नव्हतं, आमच्या घरी ती कुणी कधी मागितलीच नव्हती. मी म्हणालो, "गौराबाई, तुमाला तसलंच झाड हुडकून देतो."

मी 'तुमाला' म्हणालो हे ऐकून त्या आधी मागं वळून पाहायला लागल्या, की मागं कोण उभं आहे.

मग हसल्या. "तसलं न्हाय मिळायचं मालक. एका घडाचं बी पेरलं तरी दोन झाडं सारखी येत न्हाईत."

"पर रानात शेकड्यानं हाईत. एखादी तर आसंल."

"बघा," त्या म्हणाल्या. माझं मन मोडवेना त्यांच्यानं.

तेव्हापासून मी शिंद्या बघत हिंडायला लागलो. आधी चोरून, नंतर भारत सरकारची पोलिस ॲक्शन होऊन निजाम गेल्यावर उजळ माथ्यानं. वडिलांच्या मालासाठी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजाराला गेलो की वाटेतल्या डोंगरात चढायचो. तिथल्या शिंद्या खोडच धरत नाहीत, जमिनीलगत नुसता झुबका. ओढे, नाले, विहिरींचे काठ, काही सोडलं नाही. प्रत्येक झाडाचं एक पान कापायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी वाडीला न्यायचं. गौराबाई पान बोटांत धरायच्या, शेवटापर्यंत ओढायच्या आणि झाड न बघता त्याचा सगळा जन्म सांगायच्या.

"ही मुरमातली. पाणी लांब हाय हिला."

"ही सावलीत वाढली, चिंचंखाली हाय का? म्हणून आशी लांब, पर जोर न्हाय."

"ही गुत्तेदारानं पिळलेली. पान थकलंय."

एकदा म्हणाल्या, "ही ग्वाड हाय. पर ती न्हाय." आणि पान लगेच परत न देता मांडीवर ठेवून घेतलं.

या हिंडण्यानं माझी अब्रू मात्र गेली. लिंगायताचं पोरगं आणि रोज शिंदीच्या बनात! शिंदी झाडालाही म्हणतात आणि त्यातून गळते तिलाही. गावानं आपल्या सोयीचा अर्थ घेतला. दोन ठिकाणची सोयरीक मोडली. एका मुलीचा बाप तर माझं तोंड हुंगून गेला. आई रुद्रम्मा कपाळ बडवायची, "अय्यो, लगीन कर म्हणलं तर हे शिंदी हुडकतंय!" मी सांगायचो, की पान हुडकतोय गं. ती म्हणायची, "पान खायचं आसंल तर घरात खा की."

मी हसायचो, पण आतून हसू येत नव्हतं. कारण गौराबाईंचं हाताबाहेर चाललेलं दिसत होतं. सात झाडं गेल्यावर त्या मिळेल त्या पानाचे फडे करत होत्या. बायका घ्यायच्या, एकदा पोपडे निघाले की पुढच्या खेपेला दुसरीकडून घ्यायच्या. कुणी तोंडावर बोलायचं, "गौराबाई, तुझा हात राठ झाला गं." हाताला नाव ठेवलेलं त्यांना फार लागायचं. झाड गेलं, असं त्या सांगायच्या नाहीत. सांगितलं असतं तर माझं नाव निघालं असतं.

त्यातच डोळ्यांत वडस वाढला, बुबुळावर पडदा चढत गेला. एकोणपन्नासच्या दिवाळीपर्यंत त्यांना माणूस नुसता हलताना दिसायचा. पानांचं काम बोटांनीच चालायचं.

त्याच सुमारास अणदूरच्या बाहेर नाल्याच्या वळणावर मला एक शिंदी सापडली. उंची तशीच, पान तसंच लांब, वाऱ्यात तसंच पडल्यासारखं हलणारं. नुसतं पान न नेता मी गौराबाईंनाच आणायचं ठरवलं. बैलगाडी जुंपली, वाडीला गेलो आणि त्यांना पेंढ्यावर बसवून आणलं. वाटेत त्या भलत्याच खुशीत होत्या. गाडीत मालकानं हाकायचं आणि मांगिणीनं बसायचं, असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं. आमच्या गावातली माणसं बघत होती आणि मी मुद्दाम चावडीवरून गाडी घेतली.

झाडाजवळ त्यांना उतरवलं. मी शिडी लावून एक अख्खी झावळी कापली आणि त्यांच्या हातात दिली. देताना माझी बोटं पानावरून फिरली आणि तिथंच मला कळलं. दोन वर्षांत माझीही बोटं शिकली होती. पान राठ होतं. लांबी होती, रूप होतं, पण कडा करवतीसारखी. आजवर आणलेल्या पन्नास पानांत इतकं राठ पान नसेल. त्यांना बैलगाडीत घालून सात कोस आणलं ते यासाठी.

त्यांनी झावळी मांडीवर घेतली. एक पान बोटांत धरून देठापासून टोकापर्यंत ओढलं. पुन्हा दुसरं ओढलं. मग झावळीचा देठ दोन्ही हातांनी चाचपला. त्यांचा चेहरा माझ्याकडं वळला, पण डोळे माझ्या खांद्यापलीकडं कुठंतरी होते.

"शिवप्पा," त्या म्हणाल्या. मालक म्हणाल्या नाहीत. "मऊ हाय की. तीच हाय ही. माझी सासूच."

मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. अंगठ्यापासून तळव्यापर्यंत पानानं चिरलं होतं आणि रक्त वर आलं होतं. त्यांनी हात पदराखाली घेतला, मला दिसलं नसेल असं समजून.

"आता हिंडू नगंस," त्या म्हणाल्या. "तुझं काम झालं. लगीन कर."

"व्हय मावशी," मी म्हणालो. "तीच हाय."